पाठमोरा गडी

“एवढे दोन डोळे खाली कर, मग कुणाची काही हरकत नाही,” हुपरीकर मास्तर म्हणाले.

हातातल्या ब्रशचं मागचं टोक त्यांनी माझ्या चित्रातल्या बाईच्या डोळ्यांजवळ नेलं, पण कॅनव्हासला टेकवलं नाही. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही, ही शिस्त त्यांनीच आम्हाला लावलेली. त्यांच्या मागे मंडळाचे चिटणीस नेर्लेकर वकील हाताची घडी घालून उभे होते आणि मास्तरांच्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होते.

“का, मास्तर?” मी विचारलं.

“का म्हणजे? ती बघतीय.”

“बघतीय म्हणूनच तर काढली.”

“बघण्याला आमची ना नाही हो,” नेर्लेकर म्हणाले. “पण कसं बघतीय, ते तुम्हाला कळतंय ना?”

“कळल्याशिवाय काढता आलं असतं का?” मी म्हटलं, आणि वकिलांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

ही कोल्हापूरची गोष्ट. मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होते आणि एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. दिवाळीनंतर आमच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन भरायचं, शाळेच्याच मोठ्या हॉलमध्ये. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी सगळी चित्रं भिंतीवर चढलेली असत आणि ज्याचं त्यानं येऊन आपापल्या चित्रावर शेवटचा हात फिरवायचा, असा मंडळाचा रिवाज होता. कुणी आभाळ थोडं निळं करायचा, कुणी सही ठळक करायचा. ‘हात फिरवायची दुपार’ असंच तिचं नाव पडलेलं. चहा असायचा, भजी असायची, थट्टामस्करी चालायची.

मोठ्या हॉलमध्ये बाईमाणसानं काढलेलं चित्र लागायची ती पहिलीच वेळ. आम्हा बायकांसाठी मागच्या बाजूला एक खोली होती, दारावर ‘महिला विभाग’ अशी पाटी. तिथं आमची चित्रं भरतकामाच्या उशांच्या अभ्र्यांशेजारी आणि लोकरीच्या सशांशेजारी लागत. त्या वर्षी मी चित्र मोठं काढलं होतं, त्या खोलीच्या भिंतीवर मावेना एवढं, आणि ते मुद्दाम काढलं होतं. निवड समितीनं ते पाहिलं तेव्हा घाई होती, उजेड कमी होता. रंग बरे आहेत, पाणी छान उतरलंय, असं म्हणून त्यांनी ते मोठ्या हॉलमध्ये घेतलं, आणि वर पहिल्या बक्षिसाची कुजबुजही केली. दारासमोरच्या भिंतीवर दिवसाच्या उजेडात चढल्यावर मात्र त्यांना कळलं, की आपण काय घेतलंय ते.

चित्र घाटाचं होतं. पुढे, अगदी बघणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर, गुडघाभर पाण्यात एक पाठमोरा गडी उभा. अंगावर लंगोट, नुकतीच बुडी मारून उठलेला, पाठीवरून पाणी निथळतंय. पलीकडे पायरीवर धुणं धुणारी एक बाई, त्याच्याकडे तोंड करून. लुगडं पिळता पिळता तिचे हात थांबलेत आणि ती त्याच्याकडे बघतीय. बस्स, एवढंच. पण ती नुसती बघत नव्हती. तिला तो आवडला होता, अंगानं आवडला होता, आणि ते लपवावं असं तिच्या मनातही आलेलं नव्हतं.

“ज्या कुणा बाईनं हे चित्र बघितलं,” मास्तर आवाज खाली आणून म्हणाले, “ती उद्या घरी जाऊन काय सांगंल? विमल, सौंदर्य बाईचं असतं. पुरुषाच्या अंगात ताकद असते. बाईच्या पाठीवरनं उजेड घसरत जातो, पुरुषाच्या पाठीवर तो थटतो. पंचवीस वर्षं मी हेच शिकवत आलोय.”

“पुरुषाच्या पाठीवरनंही घसरतो, मास्तर. तुम्ही त्या नजरेनं बघितलं नसेल.”

मास्तरांचा चेहरा लालेलाल झाला. तशी मी त्यांना मानत होते, आजही मानते. ब्रश कसा धरायचा ते त्या माणसानं मला शिकवलं. पण त्याच हॉलच्या भिंतींकडे एकदा नजर टाकली असती तर माझी बाजू मांडायची गरजच नव्हती. ओल्या लुगड्यातल्या बायकाच बायका. कुणी घडा घेऊन चाललीय, कुणी केस पिळतीय, कुणाच्या पायात काटा मोडलाय आणि तो काढायला ती वाकलीय. त्यातल्या निम्म्या मास्तरांच्याच. सगळ्यांच्या माना खाली. कुणी घड्यात बघत होती, कुणी पायाच्या अंगठ्याकडे, एकीनं तर हरणाच्या पाडसाकडे बघायचं निवडलं होतं. त्यांना कुणी बघितलं, कसं बघितलं, हे त्या हॉलमध्ये कधी कुणी विचारलं नव्हतं.

मास्तरांनी मग सरळच सांगितलं. उद्या सकाळी पाहुणे यायच्या आत डोळे खाली गेले, तर चित्र इथंच राहील आणि पहिलं बक्षीसही त्यालाच. नाही गेले, तर चित्र उतरवून घरी न्यायचं. महिला विभागातसुद्धा नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई उद्घाटनाला यायच्या आहेत, हेही त्यांनी जाता जाता माझ्या कानावर घातलं. तो धाक होता की काळजी, कोण जाणे. दोन्ही असेल.

आता ती पाठ कुठून आली, ते सांगायला पाहिजे.

मास्तरांच्या वर्गात मी शिकत होते तेव्हा आठवड्यातून एकदा समोर माणूस बसवून अभ्यास असायचा. बाई बसली तर मुलं आणि मुली एकत्र. पुरुष लंगोटावर बसला, की आम्हा मुलींना शेजारच्या खोलीत पाठवायचे. तिथं तांब्या आणि केळी मांडलेली असत. आम्ही केळी काढायचो आणि तास संपला की खायचो. त्यामुळे बाईचं अंग मला पाठ होतं, आरशात माझं मलाच काढता येत होतं. पुरुषाचं अंग मात्र कसं असतं, ते मला कागदावर येत नव्हतं. आणि गाव कुठलं, तर कोल्हापूर. गल्लीगल्लीला तालीम, भिंतीभिंतीवर पैलवानांचे फोटो, कुस्त्यांच्या मैदानाला सारं गाव लोटतं. पुरुषाच्या अंगाचं एवढं कौतुक दुसरीकडे कुठं नसेल. फक्त ते पुरुषांनी करायचं.

मी रविवारी सकाळी कागद घेऊन पंचगंगेच्या घाटावर जाऊ लागले. बाई देवळं आणि म्हशी काढते म्हटल्यावर कुणाला काही वाटत नाही. तिथं सर्जेराव यायचा. एका तालमीतला पैलवान, माझ्याच वयाचा. तालमीच्या म्हशी धुवायचं काम त्याच्याकडे होतं. सदरा काढून पायरीवर टाकायचा, पाण्यात उतरायचा आणि माझ्याकडे पाठ करून नारळाच्या काथ्यानं म्हैस घासत बसायचा. त्याच्या डाव्या खांद्याच्या खाली एक लांब व्रण होता, लहानपणी म्हशीचं शिंग लागलेलं. घासताना तो व्रण हलायचा.

मला ती पाठ आवडली. चित्रकार म्हणून आवडली, असं मी त्या वेळी स्वतःला सांगत होते. मणक्याच्या पन्हाळीतून पाणी कसं उतरतं, खांद्याच्या फऱ्याचं हाड वर सरकताना कातडीखाली उजेड कसा जागा बदलतो, असं काहीबाही. चार-सहा रविवार हे चाललं. मग एका सकाळी तो आला नाही आणि दिवसभर माझं कशात मन लागेना. तेव्हा कळलं, की हे नुसतं चित्रकलेचं नाही. मला तो गडी हवासा वाटत होता. याला दुसरा शब्द मला त्या वेळी सापडला नाही आणि आज तर मी शोधतही नाही.

पुढच्या रविवारी तो आला. काम आटोपून वर येताना माझ्या शेजारी थांबला. अंगावरचं पाणी पायरीवर पडत होतं.

“म्हस काडतासा न्हवं, बाई?”

“हो.”

त्यानं वाकून कागद बघितला. पाठ पुरी उतरली होती, व्रणासकट. म्हशीचा नुसता कणा आणि शेपूट होती. त्याला काय ते कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो तिथून हलला नाही.

“म्हशीला शिंगं न्हाईत अजून,” तो म्हणाला.

“काढीन.”

“सावकाश काडा. घाई न्हाई. म्हस आमच्याकडंच हाय.”

त्यानंतर त्यानं एकही रविवार चुकवला नाही. जागा तीच, पाठ माझ्याकडे. म्हैस घासायला त्याला हळूहळू पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला. साऱ्या पंचगंगेत तेवढी लखलखीत म्हैस दुसरी नव्हती. एवढ्या रविवारांत तो कधी वळून माझ्याकडे बघत बसला नाही, आणि मी कधी त्याला वळा म्हटलं नाही. आमच्यात जे काही होतं ते सगळं त्याच्या पाठीवर आणि माझ्या डोळ्यांत होतं. बोटाला बोट लागलं नाही.

चित्र करताना म्हैस गेली. पाठ राहिली. आणि पलीकडची बाई मी घरच्या आरशात बघून काढली. मला त्याच्या पाठीवरच भागवावं लागलं होतं, म्हणून तिला मी त्याच्या समोर बसवलं.

तर ती हात फिरवायची दुपार. मास्तर आणि वकील भज्यांकडे गेले आणि मी ब्रश हातात घेऊन चित्रासमोर नुसती उभी. तेवढ्यात शाळेचा शिपाई सांगत आला, की फाटकाशी कुणी पैलवान आलाय आणि बाईंना विचारतोय.

सायकली लावायच्या छपराखाली सर्जेराव उभा होता. मी जवळ गेले तरी त्यानं वर बघितलं नाही.

“बाई, मला त्यातनं काडा,” तो म्हणाला.

गोष्ट अशी झाली होती. चित्रं चढवायला आलेल्या हमालांपैकी एक जण कुस्त्यांचा शौकीन निघाला. आमच्या गावात लोक पैलवानांना तोंडापेक्षा पाठीवरनं जास्त ओळखतात, कारण आखाड्याभोवती बसलं की पाठच जास्त दिसते. त्यानं तो व्रण बघितला, त्याच्याकडे बघणारी बाई बघितली आणि दुपारच्या आत तालमीच्या वस्तादांच्या कानावर घातलं. तालमीचा नेम कडक. तालमीत राहणाऱ्या पैलवानानं लंगोटाचं पक्कं राहायचं, परक्या बाईकडे मान वर करून बघायचं नाही. इथं तर बाईनंच त्याला बघितलं होतं, आणि गावानं बघावं म्हणून टांगून ठेवलं होतं. पोरं त्याला दुपारपासून ‘बाईचा पैलवान’ म्हणून चिडवत होती.

“वस्ताद म्हनले,” तो सांगत होता, “पैलवानाची पाठ मातीला लागली तर एक कुस्ती जाती. बाईच्या नजरंला लागली तर तालीम जाती. उद्या ते सोता बगाय येनार हाईत. पाठ दिसली तर वळकटी भाईर.”

तालीम गेली म्हणजे काय, ते मला समजत होतं. त्याचं अंथरूण तिथं, खुराक तिथं, पुढचं मैदान त्याच तालमीच्या नावावर. गावाकडे त्याची अशी शेतवाडी काही नव्हती. पण मला आधी राग आला तो आलाच.

“मी काय काढत होते, ते तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“म्हाईत हुतं. म्हनूनच तर येत हुतो.”

मग मी म्हटलं, व्रण पुसते, म्हणजे कुणाला ओळख पटणार नाही. त्यानं मान हलवली.

“डाग पुसला तर ती पाठ दुसऱ्या कुनाची हुईल. मग ती बाई त्येच्याकडं बगत बसंल रोज. त्यापरीस नको.” त्यानं पायातल्या चपलेनं माती उकरली. “म्या चित्र बगितल्यालं न्हाई, बगनारबी न्हाई. पन पाठ माजी हाय न्हवं, बाई?”

मास्तरांशी मी दिवसभर वाद घातला असता, वकिलाला गप्प केलं असतं. हा माणूस स्वतःची पाठ मागत होता.

“हो,” मी म्हटलं. “पाठ तुमची आहे. काढते.”

तो गेला. जातानाही माझ्याकडे पाठच होती, आणि सदऱ्यातूनसुद्धा ती मला ओळखू येत होती.

हॉलमध्ये येऊन मी रंग कालवला. नदीचं पाणी चित्रात होतंच, तेच मी त्याच्या अंगावर चढवत गेले. आधी गुडघे बुडाले, मग मांड्या, मग कंबर. रडू आलं नाही असं म्हणणार नाही. कितीतरी रविवार घालून उतरवलेली ती पाठ मी माझ्या हातानं बुडवत होते. मणक्याच्या पन्हाळीपाशी मी ब्रश ठेवून दिला आणि बोटानंच रंग लावला. व्रण सगळ्यात शेवटी गेला.

मग अंतर घेऊन बघावं म्हणून चार पावलं मागे गेले आणि जागच्या जागी थबकले. ती बाई माझ्याकडे बघत होती.

मध्ये गडी उभा होता तोवर तिची नजर त्याच्यावर अडत होती. तो गेल्यावर मध्ये नुसतं पाणी राहिलं, आणि तिचं ते बघणं चित्रातून थेट बाहेर आलं. हातातलं लुगडं तसंच अर्धं पिळलेलं, ओठ किंचित उघडे, आणि डोळे समोर उभं राहील त्याच्या अंगावर. ते डोळे मी माझेच बघून काढलेले, तरी मला पदर सारखा करावासा वाटला.

मास्तरांचं म्हणणं अजून बाकी होतं. बाईच्या पापणीचा रंग मी कालवला, ब्रश भरला, उचललाही. दोन फटकारे मारले असते तर बाकीच्या बायकांसारखी तीही कुठल्या तरी तांब्याकडे बघायला लागली असती, आणि मला पदक मिळालं असतं. पाठ त्याची होती, ती त्यानं परत मागितली, मी दिली. नजर माझी होती. ती कुणाला वाकवून द्यायला मी बांधलेली नव्हते. मी ब्रश धुऊन टाकला.

ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून चित्रांवर कापड सोडायची पद्धत होतीच. मी कापड सोडलं. मास्तर आले आणि त्यांनी विचारलं, झालं का. झालं म्हटलं, हरकत होती ती काढून टाकली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि तू शहाणी पोर आहेस असं म्हणाले. मी खोटं बोलले नव्हते, पण त्यांना खरं कळू द्यायचीही मला घाई नव्हती.

घरी आईला सगळं सांगितलं. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच होतो आणि तिच्यापासून माझं काही लपत नसे. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. म्हणाली, “बघितलंस तर बघितलंस. गावाला कशाला दाखवतीस?” मी म्हटलं, गाव आपल्याला इतकी वर्षं दाखवतंच आलंय की. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतलं इरकल काढलं आणि माझ्याबरोबर निघाली.

उद्घाटनाला एक निवृत्त न्यायाधीश आले होते. गोरे, उंच, काळा बंद गळ्याचा कोट, वरची बटणं गर्दीच्या उकाड्यानं उघडी. हारतुरे झाले, समई लागली, मास्तरांनी थोडक्यात म्हणून लांबलचक भाषण केलं. मग पाहुण्यांना घेऊन सगळे दारासमोरच्या भिंतीपाशी आले आणि मास्तरांनी स्वतःच्या हातानं माझ्या चित्रावरचं कापड ओढलं.

न्यायाधीशांचा हात कोटाकडे गेला आणि त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावून टाकली. ते जरा डावीकडे सरकले. बाई डावीकडे बघत होती. ते उजवीकडे सरकले, तर तिथंही तेच. नेर्लेकर वकिलांनी, ही नक्की कुणाकडे बघतीय, म्हणून मागे वळून पाहिलं. मागे भिंतीवर फक्त घड्याळ होतं. दोन-तीन थोर चित्रकारांनी उगाच पोट आत ओढून घेतलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं. ती माझी आई असावी असा मला अजून संशय आहे.

“विमल, हे काय?” मास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

“गडी काढून टाकला, मास्तर. परक्या गड्याकडे बघतीय, अशी तुमची हरकत होती ना?”

“मग आता ही कुणाकडं बघतीय?”

“समोर उभं राहील त्याच्याकडं.”

वकिलांनी ताबडतोब चित्र उतरवायची भाषा केली. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, कशासाठी? वकील म्हणाले, हे आक्षेपार्ह आहे. न्यायाधीशांनी परत एकदा चित्र पाहिलं, कपाळावरचा घाम टिपला आणि म्हणाले, यात मला एक बाई धुणं धुताना दिसते, तुम्हाला आणखी काय दिसतं ते सर्वांसमोर सांगा. वकिलांना काही सांगता येईना. चित्र राहिलं. पदक एका बैलजोडीला गेलं, आणि मुख्याध्यापिकाबाई जाताना माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दिवेलागणीच्या सुमाराला गर्दी वाढली आणि दारातून तालमीची मंडळी आत आली. पुढे वस्ताद, भगवा फेटा, पांढऱ्या मिशा. मागे चार-पाच पैलवान आणि सगळ्यात शेवटी सर्जेराव, इस्त्रीचा सदरा घालून, खाली मान घालून. लोकांनी वाट करून दिली. बातमी सगळ्या हॉलला ठाऊक होती आणि आता काय होतंय म्हणून जो तो थांबला. वस्ताद माझ्या चित्रासमोर आले. त्यांनी वरपासून खालपर्यंत निरखून बघितलं. पाठ नव्हती, व्रण नव्हता, पाणी होतं. बाईच्या डोळ्यांशी त्यांची नजर गेली, तशी त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि झटक्यानं तोंड वळवलं.

“काय न्हाई इथं. झालं. चला रं,” ते म्हणाले.

पोरं वळली. सर्जेराव मात्र उभा राहिला होता. बघणार नाही म्हणाला होता, पण आता त्यानं मान वर केली होती. मी एका बाजूला खांबाशी होते, तिथून मला त्याचा चेहरा दिसत होता. एवढे सगळे रविवार मी त्याला बघत होते आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. मी कशी बघते, ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. ते तो आता पाहत होता.

तो एक पाऊल पुढे गेला, मग आणखी एक. बरोबर तिथं, जिथून मी त्याला काल पुसून काढलं होतं, तिथं चित्रासमोर येऊन तो उभा राहिला. पाय थोडे फाकलेले, हात सैल सोडलेले, पाठ सगळ्या हॉलकडे. पांढऱ्या सदऱ्याखाली ते खांदे मला रेषेरेषेनं ठाऊक होते. पलीकडे बाई, हातात अर्धं पिळलेलं लुगडं घेऊन, त्याच्याकडे बघत.

मी खांबाला धरून बघत राहिले.

“सर्जा,” वस्तादांनी दारातून हाक मारली. “चल म्हनतोय न्हवं?”

“तुमी व्हा फुडं,” तो म्हणाला. वळला नाही.

वस्तादांचा चेहरा बघवत नव्हता. मग ते पोरांना घेऊन पायऱ्या उतरून गेले आणि त्यांच्या वहाणांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत राहिला.

हुपरीकर मास्तरांना काय करावं सुचेना. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावला. “पैलवान, जरा बाजूला व्हा. लोकांना चित्र दिसत नाही.”

“दिसतंय, मास्तर,” मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “आत्ता कुठं पुरतं दिसतंय.”

सर्जेराव जागचा हलला नाही.